टीमचं कोचिंग: कुठला प्रश्न, कधी आणि कुणाला

एकेकट्याचं कोचिंग, म्हणजे सल्ला न देता प्रश्न विचारून माणसाला त्याचा मार्ग शोधायला मदत करणं, उत्तम करणारी माणसं टीमसमोर आली की बहुतेक वेळा एकच गोष्ट करतात. समोर आठ जण बसलेले असतात. कोच पहिल्याला प्रश्न विचारतो, त्याचं नीट ऐकून घेतो, मग दुसरीकडे वळतो. दोन तासांत आठ छोटी वैयक्तिक सेशन होतात आणि प्रत्येकाच्या वेळी उरलेले सात जण प्रेक्षक असतात. जाताना सगळे म्हणतात, छान झालं. पुढच्या आठवड्यातली मीटिंग मात्र पहिल्यासारखीच.

खालची सगळी साधनं मी एकाच कसोटीवर निवडली आहेत: त्यानं माणसं एकमेकांशी बोलायला लागतात का? सेशनमध्ये बोलणारा कुणाकडे बघून बोलतोय एवढ्यावर लक्ष ठेवलंत तरी बरंच कळतं. सगळे तुमच्याकडेच बघत असतील तर प्रश्न कितीही चांगला असो, काम पुढे सरकत नाहीये. तुम्ही बाहेरचे कोच असा, टीम लीड असा, नाहीतर कार्यकर्त्यांचा गट सांभाळणारे असा. पद्धत फारशी बदलत नाही.

समोर ग्रुप आहे की टीम?

हे आधी ठरलं नाही तर पुढचं सगळं गडबडतं. ग्रुपमध्ये प्रत्येकाचं ध्येय स्वतःचं असतं. नव्यानं मॅनेजर झालेले वेगवेगळ्या विभागांतले दहा जण घ्या; एकाचं फसलं तर दुसऱ्याचं काही बिघडत नाही. टीमचं ध्येय एकच असतं आणि एकाचं अडलं की सगळ्यांचं अडतं. ग्रुपमध्ये तुम्ही एकाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पाडता. टीममध्ये त्यांच्या आपसातल्या कामाच्या पद्धतीलाच हात घालावा लागतो.

ओळखायला तीन प्रश्न पुरतात:

- तुमच्यातला एक जण महिनाभर नसेल तर कुणाकुणाचं काम थांबेल?
- तुमच्यापैकी कुणालाच एकट्यानं पुरं करता येणार नाही असं काम कुठलं?
- वर्षाच्या शेवटी यश मोजतात ते एकत्र की नावानिशी?

'कुणाचंच नाही, असं काम नाही, नावानिशी' अशी उत्तरं आली तर पाटीवर टीम लिहिलेलं असलं तरी तो ग्रुप आहे. त्यांना एकी वाढवण्याचे खेळ खेळायला लावू नका. त्यांना ते ओढूनताणून केल्यासारखं वाटतं, आणि त्यांचं बरोबर असतं.

संख्याही बघा. सहा जणांत आपसातल्या जोड्या १५ होतात, बारा जणांत ६६. माणसं दुप्पट झाली तरी सांभाळायची नाती चौपटीहून जास्त होतात. टीमवर आयुष्यभर संशोधन केलेले रिचर्ड हॅकमन यांचा ठोकताळा होता की टीमची संख्या दोन आकडी होऊ देऊ नये. मोठी टीम वाट्याला आलीच तर दोन कोच घ्या, किंवा बराच वेळ तिघा-चौघांच्या गटांत काम करून घ्या.

बोलावणाऱ्याशी आधी बोलून घ्या

कोचिंग मागतो एक जण आणि बसायचं असतं भलत्यांना. म्हणून पहिलं बोलणं बोलावणाऱ्याशी, आणि तेही जरा परखड:

- सहा महिन्यांनी ही टीम काय वेगळं करताना दिसली तर तुम्ही म्हणाल, खर्च वसूल झाला?
- यातलं काय तुमच्या हातात आहे आणि अजून बदललेलं नाही?
- हे कोचिंग कशासाठी, हे टीमला काय सांगितलंय? ज्या शब्दांत सांगितलंत त्याच शब्दांत मला सांगा.
- सेशनमधलं काय तुमच्यापर्यंत यायलाच हवं, आणि काय आलं नाही तरी चालेल?

दुसऱ्या प्रश्नावर थांबा, कारण कोचिंग कुठे चालतं आणि कुठे नाही हे तिथेच कळतं. रूथ वेगमन यांनी झेरॉक्स कंपनीतल्या स्वतःचं काम स्वतःच आखणाऱ्या ४३ सर्व्हिस टीमचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. टीमची मांडणी नीट होती का, म्हणजे ध्येय स्पष्ट होतं का, काम खरोखर सामायिक होतं का, बक्षीस टीमला मिळत होतं का, याचा परिणाम लीडरच्या कोचिंगपेक्षा कितीतरी जास्त निघाला. शिवाय चांगल्या कोचिंगचा फायदाही मुख्यतः नीट बांधलेल्या टीमनाच झाला. याचा व्यवहारातला अर्थ असा: पाच जणांना एकमेकांना मदत करा म्हणायचं आणि बोनस मात्र आपसातल्या क्रमांकावर द्यायचा, अशी रचना असेल तर तिथे कुठलाही प्रश्न चालत नाही. ते बोलावणाऱ्याला तेव्हाच सांगून टाका.

एक काम सरळ नाकारा. 'खरं तर त्या एकाचाच प्रॉब्लेम आहे, पण आपण सगळ्यांचं सेशन ठेवू' असं कुणी म्हणालं तर ते टीम कोचिंग नाही. आठ जणांच्या आडून एकाला सांगायचं आहे, आणि ते आठही जणांना पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

मग प्रत्येकाशी अर्धा तास, एकट्यानं. प्रश्न मोजकेच ठेवा: या टीमबद्दल सगळ्यांना माहीत आहे पण मीटिंगमध्ये कुणी काढत नाही असं काय आहे? तुमचं काम सोपं कोण करतं, नेमकं काय करून? या सेशनमध्ये काय झालं तर वेळ वाया गेला असं वाटेल? मिळालेलं सगळं विषयवार मांडायचं आणि नावं काढून टीमसमोर ठेवायचं. एखादं वाक्य कुणाचं हे शैलीवरून ओळखू येत असेल तर कितीही नेमकं असलं तरी ते वगळा. एकदा विश्वास गेला की पुढच्या वेळी तोंडदेखली उत्तरं मिळतात.

बोलणं अवघड असलेल्या टीमला एक छोटी निनावी प्रश्नावलीही द्या. एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये मानसिक सुरक्षिततेवरचा, म्हणजे टीममध्ये न घाबरता बोलता येतं का यावरचा, अभ्यास मांडला, तेव्हा अशीच विधानं वापरली होती: इथे चूक झाली तर ती लक्षात ठेवली जाते का, मदत मागणं जड जातं का, अडचणीचा विषय काढता येतो का. स्वतःच्या शब्दांत सहा-सात विधानं लिहा आणि १ ते ७ गुण मागा. सरासरी काढत बसू नका. एकाच विधानाला कुणी ७ आणि कुणी २ दिले असतील तर सेशन तिथून सुरू करा.

कॅलेंडर बघून प्रश्न निवडा

टीमच्या वाटचालीचं सांगायचं म्हटलं की ब्रूस टकमन यांचे १९६५ मधले टप्पे पुढे येतात: जमणं, धुसफूस, घडी बसणं, कामाला गती. समजावून सांगायला सोयीचे आहेत. पण ते मुख्यतः उपचार-गट आणि प्रशिक्षण-गटांवरच्या लिखाणातून निघाले होते, आणि 'आमची टीम सध्या धुसफुशीच्या टप्प्यात आहे' असं म्हणून महिनोन्महिने वेळ मारून नेता येते. प्रश्न निवडायला मला दुसरी मांडणी जास्त उपयोगी वाटते.

कॉनी गर्सिक यांनी १९८८ मध्ये दाखवलं की मुदत असलेलं काम करणारे गट पहिल्या बैठकीतच एक पद्धत धरून बसतात, आणि उपलब्ध वेळ साधारण अर्धा संपला की अचानक ती मोडून नव्यानं मांडणी करतात. हॅकमन आणि वेगमन यांनी २००५ मध्ये यावरून कोचिंगचं वेळापत्रकच सुचवलं: सुरुवातीला उमेद आणि बांधिलकी, मध्यावर कामाची पद्धत, शेवटी शिकणं.

सुरुवातीला विचारा: हे काम नाही झालं तर कुणाला फरक पडेल? यात तुम्हाला स्वतःला काय हवंय? आपल्यापैकी कुणाला कशात गती आहे, आणि ते बाकीच्यांना माहीत आहे का?

मध्यावर: अर्धा वेळ गेला. पहिल्या दिवशी जे गृहीत धरलं होतं त्यातलं काय खोटं ठरलं? कुठलं काम निव्वळ सवयीनं चालू आहे? आज नव्यानं सुरू केलं असतं तर काय वेगळं केलं असतं?

शेवटी: कुठला निर्णय तेव्हाच्या माहितीवर बरोबर होता, जरी निकाल वाईट लागला? पुढच्या टीमला एकच गोष्ट सांगायची तर कुठली?

मध्यावरचे प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारले तर लोक खांदे उडवतात, कारण सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं. डेडलाइन चार दिवसांवर असताना विचारले तर चिडतात. म्हणून मुदत कळल्याबरोबर मधल्या तारखेला दोन तास राखून ठेवा.

पहिला अर्धा तास

खुर्च्या गोलात, मध्ये टेबल नको. तुम्ही गोलाच्या बाहेर किंवा गोलातल्याच एका खुर्चीवर. फळ्याजवळ उभं राहू नका, लोक आपोआप विद्यार्थी होतात. पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकाचा आवाज एकदा तरी ऐकू यायला हवा, विषय साधा चालेल: आज इथे येताना डोक्यात कुठलं काम अर्धवट ठेवून आलात?

मग करार. 'एकमेकांचा आदर करू' असले नियम फळ्यावर लिहून काही होत नाही, कारण त्याला कुणाचाच विरोध नसतो. त्याऐवजी विचारा: आपलं बोलणं तापलं की आपण नेमकं काय करतो? कुणी म्हणेल, गप्प होतो. कुणी म्हणेल, विषय बदलतो. पुढचा प्रश्न: तसं झालेलं दिसलं तर कोणी, कुठल्या शब्दांत सांगायचं? 'विषय पळाला' एवढे दोन शब्द ठरले तरी ते नियमांच्या पानभर यादीपेक्षा जास्त वापरले जातात. गोपनीयतेचंही असंच ठोस करा: शिकलेलं बाहेर न्यायचं, कोण काय म्हणालं ते नाही.

आधी लिहा, मग जोडीत बोला

हे सगळ्यात साधं साधन आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं. प्रश्न विचारला की दोन मिनिटं प्रत्येकानं कागदावर लिहायचं. मग शेजारच्याशी तीन मिनिटं. मग दोन जोड्या एकत्र, पाच मिनिटं. त्यानंतरच सगळ्यांसमोर.

नुसता प्रश्न हवेत सोडला तर पहिला बोलणारा दिशा ठरवतो आणि बाकीचे त्याची री ओढतात. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५०च्या दशकात रेघांच्या लांबीचे प्रयोग केले, त्यात समोर दिसणारं उत्तरसुद्धा माणसं इतरांच्या दबावाखाली चुकीचं सांगत. पण खोलीत खरं बोलणारा एक जरी जोडीदार असला तर हे दबून जाणं एकदम कमी व्हायचं. जोडीचा टप्पा त्यासाठी आहे. 'आम्हा दोघांनाही वाटतं की...' असं वाक्य म्हणायला 'मला वाटतं' पेक्षा खूप कमी धैर्य लागतं.

साहेब खोलीत असतील तर ते सगळ्यांसमोर शेवटी बोलतील हे आधीच त्यांच्याशी ठरवून ठेवा.

आकड्याचा प्रश्न, आणि त्यापुढचं

एकच साधन शिकायचं असेल तर हे शिका. शून्य ते दहाची पट्टी ही उपाय-केंद्री (अडचणीपेक्षा काय जमतंय यावर भर देणाऱ्या) पद्धतीतली, स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी रूढ केलेली. टीममध्ये ती वापरायची तर तीन गोष्टी पाळा. प्रश्न एकाच वागण्याबद्दल असावा. 'आपलं टीमवर्क कसं आहे' हा प्रश्न निरुपयोगी. आकडा कार्डावर लिहायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटा करायचा. आणि आकडा कमी का, असं विचारायचं नाही. तो शून्य का नाही, ते विचारायचं.

एक नमुना बघा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमला कोचनं विचारलंय: 'काम अडलंय हे बाकीच्यांना वेळेवर कळतं का? अजिबात नाही तर शून्य, लगेच कळतं तर दहा.' कार्डं उलटली. टीम लीडचे ८, टेस्टिंग करणाऱ्या बाईंचे ३, बाकीचे ५ आणि ६.

'तीन दिलेत. शून्य का नाही दिला?'

'शेवटच्या आठवड्यात तरी सगळं बाहेर येतंच ना. आणि डिझाइनवाल्यांना विचारलं तर ते खरं सांगतात.'

'म्हणजे विचारावं लागतं.'

'हो. आपणहून कुणी नाही सांगत. मीसुद्धा नाही.'

इथे कोच टीम लीडकडे वळत नाही. तिसऱ्याच माणसाला, एका डेव्हलपरला विचारतो: 'सरांचे आठ आहेत, यांचे तीन. सरांना जे दिसतं ते यांना दिसत नाही, असं काय असावं?'

'सरांकडे आमचा दर सोमवारचा रिपोर्ट जातो. त्यात सगळं हिरवंच असतं, म्हणजे ठीक चाललंय.' हशा होतो. 'पिवळं, म्हणजे अडलंय असं टाकलं की लगेच कॉल लागतो.'

टीम लीड म्हणतात, 'अरे, पण तो कॉल मी मदतीसाठी लावतो.'

'सर, आम्हाला ती चौकशी वाटते,' टेस्टिंगवाल्या बाई म्हणतात.

शांतता. कोच काहीच बोलत नाही. टीम लीड बाईंकडे बघून विचारतात, 'मग काय करू? पिवळं दिसलं आणि गप्प बसलो तर तुम्ही म्हणाल लक्ष नाही.'

'त्या दिवशी कॉल नको. फक्त एक मेसेज टाका, काय हवंय म्हणून.'

आता कोच बोलतो: 'असं झालं तर तुमचा तीन कितीवर जाईल?' 'पाच.' 'बाकीच्यांचं काय होईल?' आणि मग सगळेच बोलू लागतात.

यातला कळीचा प्रश्न डेव्हलपरला विचारलेला. दोघांमधल्या गोष्टीबद्दल तिसऱ्याला विचारायचं, ही युक्ती इटलीतल्या मिलान शहरातल्या कुटुंबोपचारतज्ज्ञांच्या गटानं १९८०च्या सुमारास मांडली. टीम लीडला थेट विचारलं असतं तर त्यांनी स्वतःचा बचाव केला असता, बाईंना विचारलं असतं तर ती तक्रार ठरली असती. तिसऱ्या माणसाला दोन्ही बाजू दिसतात आणि तो त्या बऱ्यापैकी हलक्या हातानं मांडतो. असे आणखी प्रश्न:

- हे दोघं एखाद्या गोष्टीवर अडले की सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात येतं? ते काय करतात?
- हा निर्णय लांबला तर सर्वांत जास्त सुटकेचा निःश्वास कोण टाकेल?
- तुमचे ग्राहक इथे या खुर्चीवर बसले असते तर आत्ताच्या चर्चेबद्दल काय म्हणाले असते?

दुसरा प्रश्न धारदार आहे. टीम तुम्हाला ओळखू लागेपर्यंत तो बाहेर काढू नका. आणि जिथे दोघांचं भांडण खरोखर वैयक्तिक आहे, तिथे तिसऱ्याला साक्षीला ओढू नका. त्या दोघांना वेगळं भेटा.

योजना फसली असं समजा

नव्या कामाच्या तोंडावर सगळे उत्साहात असतात आणि शंका काढणारा अपशकुनी ठरतो. तेव्हा गॅरी क्लाइन यांची २००७ मध्ये गाजलेली पद्धत वापरा. सांगा: 'आजपासून एक वर्ष पुढे आहोत. हे काम सपशेल बुडालं आहे. कशामुळे बुडालं, तीन मिनिटं लिहा.' 'काय चुकू शकतं' असं विचारायचं नाही. बुडालंच आहे असं धरून चालायचं. मग एकेकानं एकेक कारण वाचायचं, यादी संपेपर्यंत फेऱ्या.

एरवी साहेब शेवटी बोलतात, पण इथे त्यांना पहिलं बोलायला लावा. प्रमुखानंच स्वतःच्या योजनेतलं भगदाड आधी दाखवलं की बाकीच्यांना परवानगी मिळते. सगळ्यांत जास्त वेळा आलेली तीन कारणं निवडा आणि प्रत्येकासमोर लिहा: याची पहिली चाहूल कुठे लागेल, आणि ती कोण बघणार?

ग्रुपसाठी: एकाचा प्रश्न, बाकीच्यांचे फक्त प्रश्न

सामायिक काम नसलेल्या ग्रुपला वरची पट्टी फारशी चालत नाही. त्यांच्यासाठी रेग रेव्हन्स यांची कृतीतून शिकण्याची पद्धत आहे. १९४०च्या दशकात ब्रिटनमधल्या कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना त्यांनी एकमेकांच्या अडचणींवर प्रश्न विचारायला बसवलं, तिथून ती वाढली. पाच-सहा जणांचा गट बरा. एकाला साधारण ४५ मिनिटं द्या: ५ मिनिटं अडचण सांगायची, ५ मिनिटं माहितीचे प्रश्न, २५ मिनिटं खुले प्रश्न, १० मिनिटं पुढचं पाऊल आणि सगळ्यांना काय दिसलं ते.

मधल्या २५ मिनिटांत सल्ला बंद, आणि इथेच घोडं अडतं. लोक सल्ल्याला प्रश्नचिन्ह लावून देतात. 'तू त्यांच्याशी सरळ बोलून का नाही बघत?' हा सल्लाच आहे. अशा वेळी विचारणाऱ्याला थांबवून म्हणा, 'याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही असा प्रश्न करा.' तो बदलून येतो: 'बोलायचं झालं तर कशाची धास्ती वाटते?' किंवा 'आतापर्यंत काय काय करून बघितलंस?' पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत तुम्हाला असं सारखं अडवावं लागेल. नंतर गटच एकमेकांना अडवू लागतो.

'का' नं सुरू होणारे प्रश्न जपून वापरा. 'उशीर का झाला?' ला कारणं मिळतात, आणि कारणांसोबत खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं तेही. 'उशीर होणार हे पहिल्यांदा कधी जाणवलं?' ला माहिती मिळते.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमध्ये पाहिलं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. मोठ्यांच्या गटात मनात सातपर्यंत मोजा. तेवढ्यात प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारण्याची इच्छा होते. तो मोह टाळा, कारण त्यानं दोन प्रश्न होतात आणि लोक सोप्याचं उत्तर देतात.

अडचणीच्या जागा

*सगळे तुमच्याकडे बघून बोलतात.* नजर खाली वहीत घाला, किंवा बोलणाऱ्याकडे न बघता ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याच्याकडे बघा. एवढ्यानं भागलं नाही तर सरळ म्हणा, 'हे मला नको, त्यांना सांगा.'

*एकच जण बोलतो.* त्याला दाबू नका, त्याच्याकडे बहुधा खरंच माहिती असते. काम द्या: 'पुढची दहा मिनिटं तुम्ही फक्त ऐका आणि शेवटी सांगा, कोणतं मत पहिल्यांदाच ऐकलंत.'

*एक जण मूग गिळून बसलाय.* नाव घेऊन सगळ्यांसमोर 'तुमचं काय मत?' करू नका. लिहायची पायरी आणा, किंवा मधल्या सुट्टीत विचारा: 'काही सांगायचं राहिलंय असं वाटतंय का? इथे सांगायला काय लागेल?'

*भांडण पेटलं.* आवाज वाढला म्हणून घाईनं थांबवू नका. दोघंही मुद्द्यावर असतील तर पाच मिनिटं चालू द्या. बोलणं माणसावर घसरलं की थांबवा आणि प्रत्येकाला समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायला लावा, समोरचा 'हो, हेच' म्हणेपर्यंत. हे कंटाळवाणं आहे आणि तरीही चालतं.

*सगळे सगळ्याला हो म्हणतात.* मुठीपासून पाच बोटांपर्यंत मत मागा: मूठ म्हणजे विरोध, पाच म्हणजे पुढाकार घेतो. दोन किंवा तीन बोटं दाखवणाऱ्यांना विचारा, 'हे चार व्हायला निर्णयात काय बदलावं लागेल?' अर्धवट होकारातच पुढचे घोटाळे दडलेले असतात.

*कुणाला रडू आलं, किंवा गोष्ट कामाच्या पलीकडची निघाली.* थांबा, सुट्टी घ्या, त्या माणसाला विचारा त्याला काय हवंय. छळ, मानसिक आजार, बेकायदा व्यवहार असले विषय कोचिंगनं सुटत नाहीत. ते योग्य माणसाकडे पाठवावेत, आणि कुठल्या गोष्टी गोपनीय राहणार नाहीत हे करारातच सांगितलेलं असावं.

ऑनलाइन सेशन असेल तर दीड तासाच्या पुढे ताणू नका. आकडे चॅटमध्ये लिहून ठेवायला सांगा आणि 'तीन म्हटल्यावर पाठवा' म्हणा. कार्ड उलटण्याचं काम भागतं. जोड्यांसाठी ब्रेकआउट रूम, म्हणजे कॉलमधल्याच छोट्या वेगळ्या खोल्या, आहेतच. अर्धे लोक खोलीत आणि अर्धे स्क्रीनवर असतील तर खोलीतल्यांनाही स्वतंत्र लॅपटॉपवर बसवा, नाहीतर स्क्रीनवरचे लोक अर्ध्या तासात पाहुणे होतात.

सेशन संपवताना, आणि बाहेर पडताना

शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा. चर्चा रंगली म्हणून ती खाऊ नका. 'आपण सगळ्यांनी लक्ष ठेवूया' असं ठरलं की ते भिजत घोंगडं झालंच म्हणून समजा. रस्सी ओढताना माणसं गटात मिळून जोर कमी लावतात हे माक्स रिंगेलमान यांनी १९१३ मध्येच छापलं होतं. प्रत्येक निर्णयाला एक नाव, एक तारीख आणि एक प्रश्न हवा: 'हे करताना तुम्हाला इथल्या कुणाकडून काय लागेल? आत्ता मागा.' मागणं समोरासमोर झालं की समोरच्याचा हो किंवा नाही तिथल्या तिथे कळतो. तीनपेक्षा जास्त निर्णय घेऊ देऊ नका.

पुढचं सेशन मागच्या निर्णयांपासूनच सुरू करा. न झालेल्या कामाबद्दल विचारा: काय आडवं आलं, आणि ते आलेलं आपल्याला कधी कळलं? 'का नाही केलं' पेक्षा याला प्रामाणिक उत्तर मिळतं.

सहा सेशनचं काम असेल तर चौथ्यापासून स्वतःचं काम कमी करायला लागा. चौथ्यात आकड्याचा प्रश्न टीममधल्या एकानं ठरवावा. पाचव्यात सेशन दोघांनी चालवावं आणि तुम्ही फक्त शेवटी दहा मिनिटं काय दिसलं ते सांगावं. सहाव्यात तुम्ही गोलाबाहेर बसा आणि कोण कुणाकडे बघून बोलतं याची खूण कागदावर करत राहा. तो कागद शेवटी टीमलाच द्या. तीन महिन्यांनी तासभर पुन्हा भेटा, पहिल्या सेशनचाच आकड्याचा प्रश्न विचारा. जुने आकडे सोबत न्या, पण नवी कार्डं उलटून झाल्यावरच दाखवा.